‘मेक अप’: द्रावणाचा आणि चेहऱ्याचा

निफाड तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीचे रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक चालू होते. बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. इंग्रजी पुस्तिकेत सूचना होती, की १ मोलर आम्लाचे १० मिलीलिटर द्रावण घेऊन ते १०० मिलीलिटरपर्यंत ‘मेक अप’ करा. एका मुलीने त्यात मोजून १०० मिलीलिटर पाणी ओतले. एकूण द्रावण झाले ११० मिलीलिटर आणि संहती ०.१ मोलरऐवजी ०.०९१. चूक नऊ टक्क्यांची! तिचे मोजमाप अचूक होते. अडले ते ‘अप’ या छोट्याशा शब्दापाशी. तिला ठाऊक असलेला मेकअप लग्नघरातला.

हा ‘अप’ तेथे आला कसा? जुन्या इंग्रजीत असे शब्द बहुधा क्रियापदाच्या आधी जोडले जात, आपल्या उपसर्गांसारखे. ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, ते आठवावे. पुढे काही शतकांत इंग्रजीतील हे शब्द क्रियापदाच्या मागे जाऊन सुटे उभे राहिले. गंमत अशी, की वैदिक संस्कृतातही उपसर्ग धातूपासून दूर किंवा त्याच्या नंतर येत असे आणि पाणिनीने त्याची सूत्रांत नोंद केली आहे.

परकीयांना ही रचना फार जड जाते, हे सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच सांगून ठेवले होते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र रूढ झाले १९२५ नंतर, लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या पुस्तकामुळे.

‘अप’चा मूळ अर्थ ‘वर’. पण भांडे वरपर्यंत भरले की ते पूर्ण भरते. त्यातून ‘पुरते, संपूर्ण’ अशी छटा आली. हा धागा हाती धरला, की ‘मेक अप’चे विखुरलेले अर्थ बरेचसे एका माळेत येतात. भाग जुळून पूर्ण वस्तू होते, म्हणून पाणी हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे ‘मेड अप’. तूट पुरी केली, तर ती भरून काढणे. भांडणाने पडलेली फट बुजली, तर समेट. तुकडे जुळवून कथा रचली, तर थाप. एकोणिसाव्या शतकात नट भूमिकेसाठी चेहऱ्याची पूर्ण तयारी करी, तोही ‘मेक अप’. नाटक-सिनेमाच्या वाटेने तोच आपल्या घरात शिरला. ‘अशी ही बनवाबनवी’ या १९८८ च्या चित्रपटात हे शेवटचे दोन्ही अर्थ एकत्र भेटतात: चेहऱ्याला रंग आणि तोंडी थाप! आपले ‘बनवणे’सुद्धा पोळीपासून फसवणुकीपर्यंत पोहोचतेच की.

आणि ‘अप’चे काम मराठीत कोण करते? आपली सहायक क्रियापदे! खाऊन टाकणे, जळून जाणे, शोधून काढणे, भरून काढणे. ‘भरून काढणे’ यात बाहेर काही काढले जात नाही, हे आपल्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही.

याच निफाडला १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली, तेव्हा उत्तीर्ण झालेल्यांत ते होते. त्या पिढीच्या हाताशी मोल्सवर्थ व कँडी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश होता. इंग्रजीवर प्रभुत्व मिळवलेल्या याच रानड्यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत विद्यापीठाच्या परीक्षांत देशी भाषांना पुन्हा स्थान मिळावे म्हणून खटपट केली. इंग्रजी शिकण्यासाठी मराठी दूर सारावी लागत नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

विज्ञानशिक्षकांनी एक करून पाहावे. ‘गिव्ह ऑफ’, ‘ब्रेक डाउन’, ‘टेक अप’, ‘मेक अप’ असे शब्द धड्यात आले, की फळ्यावर त्यांच्यासमोर बाहेर टाकणे, विघटन होणे, शोषून घेणे, भर घालून पुरे करणे असे मराठी शब्द लिहावेत. आणि फ्लास्कच्या मानेवरील खूण दाखवून म्हणावे, “पाणी येथपर्यंत येऊ द्या.” त्या मुलीला एवढेच सांगितले. पुढच्या खेपेस तिचे द्रावण नेमके खुणेवर थांबले.