जीपला मॅट रंग मारायचा? आधी थोडा इतिहास ऐका

ज्यांना ऐकायला वेळ नसतो किंवा बसमध्ये इअरफोन सापडत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार.

सुरुवात एका व्हॉइस मेसेजपासून. गोंदियाजवळच्या कामठ्याहून एका श्रोत्याने पाठवलाय. त्याने जुनी महिंद्रा एमएम 540 घेतलीय. इंजिनचं काम झालं, पत्रा ठोकून झाला, आता रंग. प्रश्न एका ओळीचा : "भाऊ, जीपले मॅट कलर मारू का नको?" मिलिटरी लूक हवाय, पण पेंटर म्हणतो दोन वर्षांत वाट लागेल. आणि पैसे एकदाच जमलेत.

आता तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा पॉडकास्ट, इथे डेंटिंग-पेंटिंग कुठून आलं? पण गंमत अशी की या प्रश्नाचं उत्तर इतिहासातच आहे. आणि त्याचा एक धागा कामठ्याच्या अगदी शेजारी आहे.

कामठा हे जमीनदारीचं जुनं गाव. त्याला लागूनच बिरसी. तिथे आज गोंदियाचं विमानतळ आहे, पायलट घडवणारी संस्था आहे. पण ही धावपट्टी मुळात आजची नाही. ती इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 मध्ये बांधली. म्हणजे धानाच्या बांध्यांच्या मधोमध, मुंबई-कलकत्त्यापासून शेकडो मैल आत, विमानं उतरायची सोय. त्या युद्धात विमान किती महत्त्वाचं झालं होतं, हे समजायला एवढं पुरेसं आहे.

आणि मॅट रंगाची गोष्ट याच विमानापासून सुरू होते.

त्याआधी एक पाऊल मागे जाऊ. मोटारगाडी नवी होती तेव्हा चमक हीच श्रीमंती होती. घोडागाडीला मारायचं तसंच व्हार्निश, थरावर थर, हाताने. एक गाडी रंगवून वाळायला आठवडेच्या आठवडे जायचे. 1920 च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने झटपट वाळणारा लॅकर बाजारात आणला, नाव 'ड्युको'. वाळायचा वेळ आठवड्यांवरून तासांवर आला. आपल्याकडे आजही पेंटर 'ड्युको मारून देतो' म्हणतो ना, तो शब्द तिथून आलाय. रंगाचं नाव होतं, कामाचं नाव झालं.

म्हणजे सगळी धडपड चमकेसाठी. अमेरिकी लष्कराच्या गाड्यासुद्धा युद्धाआधी चकचकीत ऑलिव्ह रंगाच्या असायच्या. परेडमध्ये छान दिसायच्या.

मग युद्ध आलं आणि वर विमानं आली. उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटवरून एकदा जरी ऊन चमकलं, तरी वरून काही मैलांवर कळतं. रंग हिरवा असून उपयोग नाही, चमक चुगली करते. म्हणून 1940 च्या सुमारास अमेरिकी लष्कर बिनचमकीच्या ऑलिव्ह ड्रॅबकडे वळलं. 1941 पासून विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या, त्या याच मेल्या रंगात. आसाम-ब्रह्मदेशच्या चिखलात त्याच धावल्या. काचेची चमक दिसू नये म्हणून पुढची काच आडवी पाडून वर कॅनव्हासचं कव्हर घालायचे. आज आपण ज्याला 'लूक' म्हणतो, ती तेव्हा जीव वाचवायची युक्ती होती.

आता थोडं विज्ञान, घाबरू नका. चमकदार रंगाचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट असतो, प्रकाश एकाच दिशेने परत येतो. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, प्रकाश चहूकडे विखुरतो. हा खडबडीतपणा आणायचा सोपा मार्ग म्हणजे रंगाची पूड जास्त घालायची आणि तिला धरून ठेवणारा चिकट भाग, बाइंडर, कमी ठेवायचा. पण बाइंडर हेच तर रंगाचं चिलखत! तो कमी झाला की पाणी आत शिरतं, ऊन पूड मोकळी करतं, आणि हात फिरवला की बोटाला खडूसारखी भुकटी लागते. डाग पडला की निघत नाही. घासला तर तेवढाच ठिपका चमकायला लागतो.

मग लष्कराला हे माहीत नव्हतं का? होतं. पण युद्धातली गाडी दहा वर्षं टिकवायची नव्हती. ती पुढच्या महिन्यापर्यंत टिकली तरी खूप. गाडीच टिकणार नाही, तर रंगाच्या टिकाऊपणाची काळजी कोण करणार?

खरी मजा पुढे आहे. युद्ध संपलं. तेच लष्कर, त्याच जीप, पण आता त्या वर्षानुवर्षं वापरायच्या, धुवायच्या, सांभाळायच्या. तेव्हा अमेरिकी लष्कराने चक्क अर्धी माघार घेतली आणि सेमी-ग्लॉस ऑलिव्ह स्वीकारला. कारण साधं : तो जास्त टिकतो, लवकर धुतला जातो. पुढे व्हिएतनामच्या काळात पुन्हा मॅट आला. मग 1980 च्या दशकात पॉलियुरेथेनवर आधारलेला नवा लष्करी लेप आला, जो बिनचमकीचा आणि कणखर, दोन्ही होता. म्हणजे मॅट आणि टिकाऊ एकत्र आणायला युद्धानंतर जवळपास चाळीस वर्षं लागली.

आपल्याकडे काय चाललं होतं? 1947 मध्ये महिंद्राने मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली. युद्धाची गाडी शेताची, जंगलखात्याची, तहसीलदाराची झाली. रंगाच्या बाबतीतही तोच काळ महत्त्वाचा. युद्धामुळे बाहेरून रंग येणं आटलं होतं आणि 1942 मध्ये मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. पुढे 1969 मध्ये जबलपूरची वाहन फॅक्टरी उभी राहिली, जिथून लष्कराची जोंगा निघायची. जबलपूर म्हणजे गोंदियाहून जुन्या नॅरोगेजच्या दुसऱ्या टोकाचं गाव! जोंगा हे नावच मुळात जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलंय.

आणि आज? 2024 मध्ये महिंद्राने थारची 'अर्थ एडिशन' आणली, वाळूच्या रंगात, सॅटिन मॅट फिनिशमध्ये. बघा, कंपनीनेही पूर्ण मॅट नाही, सॅटिन निवडलं.

आता कामठ्याच्या भावासाठी थेट उत्तर.

पहिली गोष्ट, कायदा. ऑलिव्ह ग्रीन रंग मारायचाच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 121 : हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी. आणि दुसरा कुठलाही रंग घेतलास, तरी आरसीवर लिहिलेला रंग बदलतोय, म्हणून आरटीओत नोंद करावी लागेल. आधी तिकडे विचार, मग पेंटरला ॲडव्हान्स दे.

दुसरी गोष्ट, चमक मोजता येते. ग्लॉस मीटर 60 अंशाच्या कोनातून आकडा देतो. 70 च्या वर म्हणजे चकचकीत, 10 च्या खाली म्हणजे खरा मॅट. तुला मधलं हवं, सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस. लांबून मॅटच दिसेल, पण चिखल पाण्याने निघेल.

तिसरी गोष्ट, पद्धत. साधा मॅट एनॅमल डब्यातून काढून मारू नको. नीट प्रायमर, त्यावर बेस कोट, आणि वर हार्डनर घातलेला टू-के पॉलियुरेथेनचा सॅटिन क्लिअर. यात बिनचमकीचं काम सिलिकाची बारीक पूड करते आणि बाइंडर शाबूत राहतो. सगळे पॅनेल एकाच वेळी, एकाच मिश्रणात मारून घे. नंतर एक दार वेगळं मारलं तर चमक जुळता जुळत नाही. आणि बफिंग, रबिंग, वॅक्स विसरून जा. ओरखडा पडला तर पॉलिशने जाणार नाही, अख्खं पॅनेल रंगवावं लागेल. हे मान्य असेल तरच या वाटेला जा.

चौथी गोष्ट, जिथे सगळ्यात जास्त मार बसतो, म्हणजे चाकांच्या आतली बाजू, खालचा पत्रा, बंपर, तिथे दिखाऊ रंग नकोच. तिथे जाड, खरखरीत अंडरबॉडी कोटिंग. चांदण्या-बांध्यांतला खडा तिथेच लागतो.

शेवटी एवढंच. ज्यांनी जीपला मॅट रंग मारला, त्यांना आकाशातल्या डोळ्यापासून लपायचं होतं. तुझ्या जीपवरून आज जे विमान जाईल, त्यात बिरसीत शिकणारा तुझ्याच वयाचा एखादा पायलट असेल. त्याच्यापासून लपायचं काही कारण नाही. तुला लपायचं नाहीये, टिकायचंय. आणि टिकायची वेळ आली तेव्हा खुद्द लष्करानेही थोडी चमक परत घेतली होती.

रंग मारून झाला की फोटो पाठव भावा. आणि बाकीच्यांनो, तुमच्या गावाजवळ अशी युद्धकाळातली धावपट्टी असेल तर व्हॉइस मेसेज करा. पुढच्या भागात भेटू!