टाळ, चिपळ्या आणि घरची चूल



वापी स्टेशनावर उतरून, गिटार-कीबोर्ड सांभाळत आपल्या सिल्वासाकडे येणारे गायकसंघ आता नवे राहिले नाहीत. रात्री भक्तिसंगीत रंगते आणि सकाळी मंडळी पुढच्या गावाला निघालेली असतात. आपली मुलेही अशा संघांतून जाऊ लागली आहेत. गाणाऱ्यांचे कौतुक सगळेच करतात. त्यांच्या घरी काय चालले आहे हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

गात गात फिरणे ही आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांची जुनी रीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कवींनी कीर्तन हाती घेतले. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, चिपळ्या, सारे आपल्या मातीतले. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचे किंवा योसेफाचे. इंग्रजी चालीवर बसवलेले गीत ज्याच्या कानावरून निघून जाई, तो शेतकरी कीर्तनाला बसून राही. माझ्या मते मोठमोठ्या प्रवचनांनी जे झाले नाही ते इथे झाले.

मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म 1861, बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानत, आणि त्यांची भजने त्याच वळणाची आहेत. आपण कॅथलिक, ते प्रॉटेस्टंट. पण त्यांची गीते गाताना हे कोणाला आठवते? 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. पगार नाही, पुढची सोय नाही. मार्काच्या सहाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांना जोडीजोडीने पाठवले, ते भाकर, झोळी, पैसा काहीही बरोबर न देता. टिळकांनी ते शब्दशः घेतले.

पण लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. पती ख्रिस्ती झाले तेव्हा त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर, मुलाला घेऊन पंढरपुरात राहिल्या. पुढे संसार पुन्हा जुळला, 1900 मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. तरी टिळकांचा हात सैलच. दाराशी आलेल्या गरजवंताला हातातले देऊन टाकायचे आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाची काळजी बाईंनी करायची. लक्ष्मीबाई हे सगळे हसत सांगतात, पण ते हसू स्वस्त नव्हते. झोळी न घेता निघणाऱ्याची झोळी दुसरे कोणीतरी वाहत असते. लूकच्या आठव्या अध्यायात योहान्ना आणि सुसान्ना यांची नावे आहेत ती याचसाठी: प्रभू गावोगाव फिरत होता आणि या स्त्रिया आपल्या पैशातून सर्वांचे पाहत होत्या. लूकने त्यांना निनावी ठेवले नाही.

इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात, नवव्या अध्यायात, मंदिराच्या गायकांना इतर कामांतून मोकळे ठेवल्याचे लिहिले आहे, कारण ते रात्रंदिवस सेवेत असत. त्यांना मोकळे ठेवायचे तर बाकीची कामे इतरांनी उचलायला हवीत. म्हणून गायकसंघ आपल्या धर्मग्रामात येईल तेव्हा जेवणाची आणि परतीच्या भाड्याची चौकशी आधी व्हावी, टाळ्या नंतर. आणि आपला मुलगा दौऱ्यावर असताना त्याच्या आईला औषध आणून द्यायला कोण जाणार, हेही रविवारच्या मिस्सेनंतर ठरवता येते.

9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत प्रभूघरी गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य जेमतेम दहा अध्यायांवर थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे 64 अध्याय लिहिले, शेवटचा त्यांच्या मुलाने पुरा केला, आणि 1938 मध्ये ते छापून आले. लक्ष्मीबाई तेव्हा हयात नव्हत्या. मधल्या वर्षांत त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती: घरात बसून न राहता त्या स्वतःच कीर्तनाला उभ्या राहिल्या होत्या.