वेगाने उघड केलेला दोष

२००५ सालची गोष्ट. अहमदाबाद–वडोदरा द्रुतगती मार्गावरून शासकीय अँबॅसिडरने जाणे-येणे चालू होते. ताशी ८० किलोमीटरपर्यंत गाडी शांत असे. ८५ च्या आसपास स्टिअरिंग हातात थरथरू लागे आणि वेग उतरवला की थांबे. वाहनचालकाने लॉगबुकात तीनदा नोंद केली होती. तिन्ही वेळा कार्यशाळेचा शेरा एकच होता: ‘तपासणी केली, दोष आढळला नाही.’ कार्यशाळेने खोटे लिहिले नव्हते. तिच्या आवारात गाडी ताशी ३० च्या वर कधी गेलीच नव्हती.

हा दोष नवा नाही. १९२० च्या दशकात मोटारींना कमी दाबाचे फुगीर टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक आले, तेव्हा युरोप-अमेरिकेतील अभियंत्यांपुढे पुढच्या चाकांच्या थरथरीचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तिला इंग्रजीत ‘शिमी’ हे एका नृत्याचे नाव मिळाले. दोन्ही चाके एकाच अखंड आसाला जोडलेली असल्याने एकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत पोहोचत असे. १९३४ च्या सुमारास अमेरिकी गाड्यांत पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देण्यात आले, त्यामागे आरामाइतकेच हेही एक कारण होते.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न दीर्घकाळ झाकलेला राहिला. १९५८ ते २०१४ या काळात उत्पादनात असलेली अँबॅसिडर बैलगाड्या, गावे आणि रेल्वे फाटके यांतून वाट काढत धावत होती. सलग वेग घेण्याजोगा रस्ताच विरळा होता. १९९९ मध्ये सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि ५,८४६ किलोमीटरचे हे जाळे २०१२ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. रस्ते बदलले. गाडी तपासण्याची आपली पद्धत मात्र जुन्या रस्त्यांचीच राहिली.

वेगाचा संबंध कसा, ते पाहू. सुमारे २ मीटर परिघाचे चाक ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला जवळजवळ १४ फेरे घेते. रिमच्या कडेला अवघे ३० ग्रॅम वजन असमान असेल, तर प्रत्येक फेऱ्यात सुमारे साडेचार किलोचा हिसका बसतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ३० ला तो अर्ध्या किलोहूनही कमी असतो. शिवाय चाकाच्या फेऱ्यांची गती सस्पेन्शन व स्टिअरिंगच्या नैसर्गिक कंपनाशी जुळते, तेव्हा थरथर एकदम वाढते. म्हणूनच ती बहुधा ८० ते ११० च्या पट्ट्यात जाणवते आणि पुढे कधी कधी कमीही होते.

निदानाचे पहिले प्रश्न त्यामुळे मिस्त्रीने नव्हे, चालकाने सोडवायचे असतात. थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर संशय पुढच्या चाकांवर. आसनात व तळाशी असेल तर मागच्या चाकांवर किंवा प्रोपेलर शाफ्टवर. फक्त ब्रेक दाबताच येत असेल तर डिस्क वा ड्रम पाहावा. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकीकडेच झिजत असेल, तर तो बहुधा अलाइनमेंटचा प्रश्न. थरथरीवर वारंवार अलाइनमेंटच करून घेणे म्हणजे निव्वळ देयके वाढवणे होय. बॅलन्सिंग करूनही थरथर राहिली, तर पुढची चाके मागे व मागची पुढे लावून पाहावीत. थरथर स्टिअरिंगमधून आसनाकडे सरकली, तर दोष चाकात आहे: वाकलेली रिम किंवा गोलाई गेलेला टायर. ती जागची हलली नाही, तर बेअरिंग, बॉल जॉइंट व टाय रॉड एंड तपासावेत.

आमच्या गाडीची अखेर महामार्गावर नेऊन परीक्षा झाली. पुढच्या एका चाकावरील शिशाचे वजन गळून पडले होते. तेवढेच असते तर थोडक्यात भागले असते. पण एक टाय रॉड एंडही पार झिजला होता. तो धावत्या गाडीत निखळता, तर चाक स्टिअरिंगला जुमानलेच नसते. चालकाच्या तीन नोंदींचा अर्थ तेव्हा कळला.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये योग्यता प्रमाणपत्राची सक्ती परिवहन वाहनांना आहे. कार्यालयाच्या मोटारीला तेवढीही नियमित परीक्षा नसते. २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आले, हे स्वागतार्हच आहे. तरीही ब्रेकची चाचणी तिथे रोलरवर मंद वेगातच होते. ८५ ला येणारा दोष ८५ लाच सापडणार.

त्यानंतर जिथे जिथे बदली झाली, तिथल्या लॉगबुकात मी चार रकाने वाढवून घेतले: वेग किती, थरथर कुठे, ब्रेकसह की ब्रेकविना, रस्ता कोणता. आणि शेरा लिहिणाऱ्याने चालकाला शेजारी बसवून त्याच वेगाने गाडी चालवल्याखेरीज ‘दोष आढळला नाही’ असे लिहू नये, अशी सूचना त्याखाली छापून घेतली.