महिना बसणे: विश्रांती की कोंडून ठेवणं?

आज आपण चीनमधल्या बाळंतिणीबद्दल बोलणार आहोत. बाळंतपणानंतरच्या काळाला चिनी भाषेत जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ होतो 'महिना बसणे'. तीस दिवस, कुठे चाळीस, तिने घराबाहेर पडायचं नाही. गार पाण्यात हात घालायचा नाही, केस धुवायचे नाहीत, वारा लागू द्यायचा नाही. खायचं ते गरम. उत्तरेकडे राळ्याची पेज, लाल साखर आणि अंडी. दक्षिणेत ग्वांगदोंगमध्ये आलं, अंडी आणि डुकराचे पाय गोड व्हिनेगरमध्ये शिजवतात. तैवानमध्ये तिळाच्या तेलातली कोंबडी, तीही तांदळाची दारू घालून. ऐकताना तुम्हाला आपला सव्वा महिना आठवला असेल. पण माझा प्रश्न वेगळा आहे. ही विश्रांती होती, की कोंडून ठेवणं?

सुरुवात 'लीजी' या प्राचीन आचारग्रंथापासून करू. त्यात मोठ्या घरातली गर्भवती प्रसूतीच्या महिन्यात बाजूच्या खोलीत राहायला जाते. नवरा दिवसातून दोनदा माणूस पाठवून चौकशी करतो. मुलगा झाला तर दाराच्या डावीकडे धनुष्य टांगायचं, मुलगी झाली तर उजवीकडे रुमाल. म्हणजे भर सगळा विधीवर, आईच्या प्रकृतीवर नाही.

सातव्या शतकात सुन स्सुम्याव हा वैद्य आपल्या मोठ्या ग्रंथात स्त्रियांचे उपचार अगदी सुरुवातीला घेतो. बाळंतिणीचं शरीर रिकामं झालेलं असतं, शंभर दिवस नवऱ्याने दूर राहावं, असं तो सांगतो. पुढे 1237 मध्ये छन त्झमिंग याने फक्त स्त्रियांच्या आजारांवर मोठा ग्रंथ लिहिला. रक्त गेलं की शरीर थंड पडतं, वारा आत शिरतो, ही या वैद्यकाची समजूत. आलं, तीळ, गरम पेज हे सगळं त्यातून येतं.

पण त्याच दारामागे दुसरी गोष्टही होती. 'रक्तकुंड सूत्र' नावाचा धार्मिक मजकूर लोकांत पसरला. बाळंतपणाच्या रक्ताने विटाळ होतो, म्हणून बाई मेल्यावर रक्ताच्या कुंडात पडते, असं तो सांगतो. मग बाळंतिणीने देवळात जायचं नाही, दुसऱ्याच्या घरी जायचं नाही. बंदी एकच, कारणं दोन. वैद्य म्हणतो जप, धर्म म्हणतो लांब राहा.

आता सुनेच्या बाजूने बघा. एरवी वर्षभर तीच राबते. या महिन्यात मात्र बहुधा सासू तिच्यासाठी रांधते. बार्बरा पिल्सबरी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1978 मध्ये या प्रथेवर लेख लिहिला. आईला मिळणारं लक्ष आणि आधार हाच तिचा मोठा फायदा असावा, असं त्यांनी सुचवलं.

मात्र ज्या घरात दुसरे हात नव्हते, तिथली बाई महिना कशी बसणार? 1951 च्या कामगार विमा नियमांनी कामगार स्त्रीला 56 दिवसांची पगारी रजा दिली. शेतात राबणारी त्यात नव्हती. आज शहरांत बाळंतिणींसाठी खास केंद्रं निघाली आहेत, पण ती महाग आहेत.

म्हणून ही प्रथा चांगली की वाईट, एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक काळात एक साधी गोष्ट विचारा: ती बसली असताना चूल कोण पेटवत होतं? आणि जिच्यासाठी कोणीच पेटवत नव्हतं, तिचं काय झालं?