चतुर्मार्गी ध्वनिमुद्रिका : उदय, लोप व अवशेष

घरांत बसलेल्या श्रोत्यास चहूं बाजूंनीं ध्वनीनें वेढण्याचा पहिला मोठा व्यापारी उद्योग १९६९ च्या सुमारास सुरू झाला व दहा वर्षांच्या आंत मावळला. या पद्धतीस क्वाड्राफोनिक म्हणत. आम्ही तीस चतुर्मार्गी म्हणतों. ती निःसंतान नष्ट झाली असा समज रूढ आहे. तो साधार नाहीं हें दाखविणें व संग्राहकांस एक सूचना करणें, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु होय.

द्विमार्गी म्हणजे स्टीरिओ तबकडी १९५८ च्या सुमारास बाजारांत आली. तिच्या खांचेच्या दोन भिंतींवर डावा व उजवा असे दोन ध्वनि कोरलेले असतात. १९६९ सालीं अमेरिकेंतील व्हॅनगार्ड कंपनीनें चार मार्गांच्या फिती काढल्या. दोन ध्वनि पुढून, दोन पाठीमागून. फितीवर चार पट्टे सहज मावतात. खांचेस मात्र भिंती दोनच. तींत चार ध्वनि बसवावे कसे, हा खरा प्रश्न होता.

त्याचीं उत्तरें दोन प्रकारचीं निघालीं. अमेरिकेंतील सीबीएसची एसक्यू व जपानी सान्सुईची क्यूएस या पद्धतींत चार ध्वनि विशिष्ट प्रमाणांनीं दोहोंत मिसळीत व ऐकतेवेळीं विसंकेतक यंत्रानें पुन्हां निराळे करीत. परंतु दोन समीकरणांतून चार अज्ञात राशि निःसंदिग्ध निघत नाहींत, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें; सबब एका दिशेचा ध्वनि दुसरीकडे झिरपे. जपानच्याच जेव्हीसी कंपनीची सीडी-४ पद्धति निराळी. तींत पुढच्यामागच्या ध्वनींची बेरीज नेहमीच्या ठिकाणीं व वजाबाकी ३०,००० हर्ट्‌झच्या वाहक लहरीवर कोरीत. येथें पृथक्करण चांगलें होई. पण सुईला शिबाता नांवाचें विशेष टोंक लागे, आणि साध्या सुईच्या घर्षणानें ती सूक्ष्म लहर झिजून जाई.

लोपाचीं कारणें याच वर्णनांत आहेत. एकीचें यंत्र दुसरीची तबकडी यथार्थ वाचीना. त्यांत चार ध्वनिक्षेपकांचा खर्च. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनीं हात आखडता घेतला. महाराष्ट्रांतील सामान्य श्रोत्यास वेढणारा ध्वनि भेटला तो घरीं नव्हे, चित्रपटगृहांत. १९७५ सालचा ‘शोले’ ७० मिलिमीटर फितीवर बहुमार्गी ध्वनीसह दाखविला गेला.

आतां संततीविषयीं. दोन मार्गांत चार मार्ग दडविण्याचें तेंच तत्त्व डॉल्बी कंपनीनें चित्रपटाच्या प्रकाशलिखित ध्वनिपट्ट्यांस लावलें. १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. १९८२ मध्यें तेंच डॉल्बी सराउंड या नांवानें घरीं आलें व १९८७ मध्यें प्रो लॉजिकनें सुधारलें. लोप झाला तो तबकडीचा, तत्त्वाचा नव्हे.

संग्राहकांस सूचना ती ही. ही तबकडी साध्या स्टीरिओ यंत्रावरही बिनतक्रार वाजते. म्हणून मालकास तींतील दडलेल्या ध्वनींचा पत्ता लागत नाहीं. वेष्टनावरील खूण हीच बहुधा एकमेव साक्ष. सबब वेष्टन टाकूं नये. शिवाय सीडी-४ तबकडीची नक्कल सेकंदास ४४,१०० नमुन्यांच्या सामान्य मानानें केल्यास २२,०५० हर्ट्‌झपलीकडचें सारें गळतें. म्हणजे वाहक लहर समूळ जाते. नक्कल किमान ९६,००० नमुन्यांची असावी; १,९२,००० ची असल्यास उत्तम.

वडवणीचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. इकडील जुन्या दप्तरांत मोडी व उर्दू कागद एकत्र सांपडतात, आणि एकच लिपि जाणणारा वारस दुसरीचे कागद निरुपयोगी म्हणून बाजूस सारतो. कागद शाबूत असतो. वाचणारा गेलेला असतो. या तबकड्यांचीही गति तीच होऊं पाहत आहे. म्हणून तबकडीबरोबर तिचें विसंकेतक यंत्र, योग्य सुई व वेष्टन हीं एकत्र जतन करावीं, अशी आमची विनंति आहे.