मीठ की टीसीएल? पारोळ्याच्या खंदकापासून जलतरण तलावापर्यंत

१) पारोळ्याचा भुईकोट किल्ला १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला. तटाभोवती खंदक होता. बाहेरच्या शत्रूला अडवण्याची ती व्यवस्था होती. मात्र पिण्याच्या पाण्यातूनच गावात शिरणाऱ्या शत्रूला अडवायला माणसाला आणखी पावणेदोनशे वर्षे लागली. त्या लढाईची ही कथा.

२) आज खानदेशातल्या उन्हाळ्यात मळ्यातल्या घराशेजारी छोटा जलतरण तलाव बांधणाऱ्याला विक्रेता पहिला प्रश्न विचारतो : ‘सॉल्ट सिस्टीम हवी की क्लोरीन?’ एकीकडे निसर्ग आणि दुसरीकडे रसायन, असा हा सामना रंगवला जातो. इतिहास काही वेगळेच सांगतो. ही दोन्ही एकाच वायूची अपत्ये आहेत आणि त्यांच्या जन्मात जेमतेम वर्षभराचे अंतर आहे.

३) १७७४ साली स्वीडनमध्ये कार्ल शील याने हा हिरवट-पिवळा, घसा जाळणारा वायू प्रथम वेगळा केला. १८१० साली हम्फ्री डेव्ही याने ते मूलद्रव्य असल्याचे दाखवून त्याला ‘क्लोरीन’ हे नाव दिले. तोवर तो कापड पांढरे करण्यासाठी वापरात आला होता. पण वायू साठवायचा आणि वाहून न्यायचा कसा?

४) १७९९ साली स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंट याने उत्तर शोधले : विझवलेल्या चुन्यात क्लोरीन मुरवून कोरडी भुकटी करायची. हीच ब्लीचिंग पावडर. कारखान्यात बनणारी, पोत्यात भरून कुठेही नेता येणारी. हा झाला ‘पोत्याचा मार्ग’.

५) १८०० साली व्होल्टाची विद्युतघटमाला जगासमोर आली. त्याच वर्षी विल्यम क्रुकशँक याने मिठाच्या द्रावणातून वीज सोडली. एका टोकाला क्लोरीन निघाला, दुसऱ्या टोकाला हायड्रोजन आणि अल्क. हा झाला ‘तारेचा मार्ग’. आजच्या सॉल्ट सिस्टीमचे मूळ इथे आहे.

६) हे दोन्ही मार्ग तयार असताना एकोणिसाव्या शतकात पटकीने माणसे मरत राहिली, कारण रोग पाण्यातून येतो हेच मान्य नव्हते. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो याने एका पंपाकडे बोट दाखवले. १८८४ साली रॉबर्ट कॉख याला कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. लोक त्याच तळ्यात आंघोळ करत, कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत.

७) १८९० च्या दशकात भारतात अर्नेस्ट हँकिन याने विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत रूढ केली. पाणी गुलाबी होई. १९०३ साली भारतीय वैद्यकीय सेवेतील व्हिन्सेंट नेसफील्ड याने पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरीन वायू वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीने संपूर्ण शहराचे पाणी नियमितपणे क्लोरीनयुक्त करायला सुरुवात केली. पाठोपाठ जलतरण तलावही त्याच वाटेने गेले.

८) पुढचा प्रश्न मात्रेचा होता. कमी पडली तर जंतू जगतात, जास्त झाली तर पाणी तोंडात धरवत नाही. ब्रिटिश लष्करातील विल्यम हॉरॉक्स याच्या चाचणीत सहा पांढरे पेले असतात. प्रत्येकात पाणी आणि चढत्या प्रमाणात पावडरचे द्रावण घालायचे. अर्ध्या तासाने पिष्ठ आणि आयोडाइडचा दर्शक टाकला की पहिल्या ज्या पेल्यात स्पष्ट निळा रंग दिसतो, त्याच्या क्रमांकाची दुप्पट म्हणजे ४५५ लिटर पाण्याला लागणारे पावडरचे ग्रॅम.

९) विहिरीवर माणूस रोज पावडर टाकील याची खात्री नाही, हे ओळखून नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने दुहेरी मडक्याची युक्ती काढली. भोक असलेल्या मडक्यात १ किलो पावडर आणि २ किलो भरड वाळू, ते दुसऱ्या भोकाच्या मडक्यात, आणि दोन्ही पाण्याखाली किमान १ मीटर. ४,५०० लिटरच्या घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे क्लोरीन हळूहळू मिळत राही. वीज नाही, यंत्र नाही.

१०) ग्रामीण महाराष्ट्रात ही पावडर ‘टीसीएल’ याच नावाने ओळखली जाते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत ती मिसळतो, नळाच्या पाण्यात दर्शक टाकून पिवळा रंग पाहतो. पाण्याच्या स्रोताची पाहणी करून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. पोत्याचा मार्ग असा अगदी शेवटच्या वाडीपर्यंत पोहोचला.

११) तारेचा मार्ग मात्र मागे राहिला. कारण रासायनिक होते : क्लोरीन ज्या धनाग्रावर तयार होतो, त्यालाच खाऊन टाकतो. १९६० च्या दशकात हेन्री बेअर याने टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा लेप देऊन टिकाऊ धनाग्र घडवले. त्यानंतरच हे यंत्र घरगुती आकाराचे झाले आणि ऑस्ट्रेलियातील घराघरांच्या तलावांत पोहोचले.

१२) म्हणून ‘मिठाचा तलाव’ क्लोरीनमुक्त नसतो. पाण्यात लिटरला साधारण ३ ते ४ ग्रॅम मीठ असते. समुद्रात सुमारे ३५. यंत्र त्या मिठातून क्लोरीन काढते, काम झाल्यावर त्याचे बहुतांशी पुन्हा मीठ होते. मात्रा थोडी थोडी आणि सतत पडत असल्याने पाणी डोळ्यांना सौम्य वाटते. जंतू मारणारा पदार्थ दोन्हीकडे तोच.

१३) मग पारोळ्यासारख्या ठिकाणी निवड कशावर ठरते? पहिली गोष्ट वीज. पंप आणि यंत्र रोज काही तास चालले नाही, तर क्लोरीन बनतच नाही. भारनियमनात मिठाचा तलाव निःशस्त्र होतो. दुसरी गोष्ट पाणी. दख्खनच्या काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातला चुना यंत्राच्या पट्ट्यांवर चढतो आणि त्या वरचेवर साफ कराव्या लागतात. तिसरी गोष्ट ऊन. ते दोन्हीकडचा क्लोरीन उडवते, त्यामुळे संरक्षक द्रव्य दोघांनाही लागते.

१४) चौथी गोष्ट विक्रेता क्वचितच सांगतो : जमीन. ५०,००० लिटरच्या तलावात सुमारे १७५ किलो मीठ पडते. गाळणी धुताना निघणारे खारे पाणी शेजारच्या कपाशीत सोडले, तर काळी जमीन ते सहज विसरत नाही. तापीच्या खोऱ्यातच, पूर्णेकाठी, अकोला-अमरावतीकडील खारपाणपट्टा हा खाऱ्या पाण्याने शेतीचे काय होते याचा नैसर्गिक धडा आहे.

१५) पावडरचेही दोष आहेत. ताज्या मालात सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. उघड्या पोत्यात, ओलीत आणि उन्हाळ्यात तो झपाट्याने उडतो. महिनोन्‌महिने पडलेली पावडर म्हणजे बहुतांशी चुनाच. ॲसिडशी संपर्क आला तर विषारी वायू सुटतो. आणि रोज मात्रा टाकणारा माणूस लागतोच.

१६) निष्कर्ष असा : वीज भरवशाची, पाणी मऊ आणि खारे पाणी शेताबाहेर नेण्याची सोय असेल, तर तारेचा मार्ग सुखाचा आणि कमी कष्टांचा. यातले एकही नसेल, तर बंद डब्यातली ताजी पावडर आणि नेमाने केलेली चाचणी अधिक भरवशाची. चाचणी मात्र दोन्हीकडे चुकत नाही. यंत्र चालू आहे किंवा पावडर टाकली आहे, एवढ्याने पाणी सुरक्षित ठरत नाही. ते ठरते नळीतल्या रंगावरून. पटकीच्या शतकाने हजारो जीव गमावून शिकवलेला धडा हाच आहे.