नारामधल्या देवळाची भिंत कुठे गेली?

जपानला निघालेल्या प्रत्येकाला एक सोपा नियम सांगितला जातो. तोरी दिसली, म्हणजे ते दोन खांबांचं मोकळं दार, की शिंतो श्राइन. बुद्धमूर्ती आणि भिक्षू दिसले की बौद्ध टेंपल. फिरताना हा नियम बरा पडतो. पण ही वाटणी जेमतेम दीडशे वर्षांची आहे, आणि ती सरकारी हुकमाने झाली.

नारामध्ये ते डोळ्यांना दिसतं. मी स्टेशनवरून हरणांच्या पार्ककडे निघालो आणि पाच मिनिटांत कोफुकुजी या बौद्ध टेंपलच्या आवारात होतो. आत कधी शिरलो तेच कळलं नाही. कुंपणाची भिंत नाही, मोठा दरवाजा नाही, नुसती बिस्किटं मागणारी हरणं. एवढं मोठं देऊळ असं उघड्यावर कसं?

कोफुकुजी हे फुजिवारा या बड्या घराण्याचं टेंपल, ७१० साली नाराला आलेलं. त्याच घराण्याचं श्राइन म्हणजे कासुगा, ७६८ सालचं. शेकडो वर्षं दोन्हींचा कारभार एकत्र चालला. कासुगाचे देव म्हणजे बुद्ध-बोधिसत्त्वांचीच रूपं, अशी श्रद्धा होती. हरणं कासुगाच्या देवाची, पण त्यांना मारणाऱ्याला शिक्षा द्यायचं कोफुकुजी! (आपली सरस्वतीसुद्धा बौद्ध ग्रंथांतून तिकडे पोचून बेंझाइतेन झाली. ती तोरीमागेही भेटते आणि टेंपलमध्येही.)

मग आलं १८६८. शोगुनची सत्ता गेली, सम्राट मेइजी पुढे आला. सम्राटाचं घराणं सूर्यदेवी आमातेरासूचं वंशज, हा नव्या सरकारचा पाया. त्यासाठी शिंतो 'शुद्ध' हवा होता. हुकूम निघाला: श्राइनमधून बुद्धमूर्ती, घंटा, भिक्षू बाहेर काढा.

मूर्ती फोडा असं त्यात कुठेच नव्हतं. पण लोकांनी फोडल्या, ग्रंथ जाळले. तोकुगावा काळात प्रत्येक घराला कुठल्या तरी बौद्ध टेंपलमध्ये नाव नोंदवावं लागायचं, तो राग साचलेला होताच. मला विचाराल तर सरकारने काडी दिली, चूल आधीच रचलेली होती.

कोफुकुजीत तर लढाईसुद्धा झाली नाही. भिक्षूंनी वस्त्रं उतरवली आणि ते कासुगाचे शिंतो पुजारी झाले. अकराशे वर्षांहून जुनं टेंपल एकदम रिकामं! भिंती पाडल्या, जमीन गेली. १४२६ साली बांधलेला पाच मजली पॅगोडा विकायला निघाला होता म्हणतात. घेणारा तो जाळून त्यातला धातू काढणार होता, पण आग पसरेल म्हणून शेजारच्यांनी विरोध केला, अशी गोष्ट तिथे सांगतात. १८८० मध्ये त्या मोकळ्या जागेचा पार्क झाला. म्हणजे आपण हरणांसोबत सेल्फी काढतो ती हिरवळ एका मोडलेल्या देवळाचं अंगण आहे.

पुढे सरकारने टेंपल पुन्हा सुरू करू दिलं. १८९७ मध्ये जुनी श्राइन आणि टेंपल जपायचा कायदाही आला. ७३४ सालची तीन तोंडांची, सहा हातांची असुराची मूर्ती या सगळ्यातून वाचली. तिथल्या म्युझियममध्ये आहे, चुकवू नका.

आणि जानेवारीत जाणार असाल तर २ तारखेला कासुगाला जा. त्या दिवशी दरवर्षी कोफुकुजीचे भिक्षू तिथे येतात आणि शिंतो देवांसमोर बौद्ध सूत्रं म्हणतात.